उतारवयात समुद्रकाठी
निवृत्तांच्या वसाहतीत घर घेण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या लष्करात, इंदूरला राजवाड्याच्या आसपास, बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा हैदराबादच्या काचीगुड्यात ज्यांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या, अशा मराठी घरांतून अलीकडे रात्रीची जेवणे आटोपल्यावर एक विषय हटकून निघतो. मुले पुण्याला, बंगळूरला, नाहीतर थेट परदेशी. उभ्या जिन्याचे, मधल्या चौकाचे जुने घर आता दोघांना आवरत नाही. अशा वेळी कोणीतरी फोनवर आलेली चित्रे दाखवतो. गोव्यातील ‘सक्रिय ज्येष्ठांची वसाहत’. नारळीची झाडे, पोहण्याचा तलाव, हिरवळीवर योगासने करणारी पांढऱ्या केसांची प्रसन्न मंडळी. जाहिरातीतील हा माणूस कधी सत्तरीपुढे जात नाही, आणि त्या चित्रात कधी पाऊस पडत नाही. या दोन उणिवा लक्षात ठेवून घर पाहावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

परप्रांतातील मराठी कुटुंबाला समुद्र म्हटला की गोमंतक आठवावा, हे स्वाभाविक होय. कित्येकांची कुलदैवते तेथेच, फोंडे महालात आहेत. मंगेशीचा मंगेश, म्हार्दोळची म्हालसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदोड्याचा नागेश यांच्या दर्शनाला वर्षा-दोन वर्षांनी जाणारी घराणी माळव्यातही आहेत आणि गुजरातेतही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली. तरी सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद त्याच कायद्यात आहे. सकाळी दारात मराठी दैनिक पडते, देवळाच्या जत्रेला रात्रभर मराठी नाटक रंगते. ज्याने आयुष्यभर मराठी वर्तमानपत्र एक दिवस शिळे वाचले, त्याला या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

निवृत्तांची वेगळी वस्ती ही कल्पना मात्र आपली नव्हे, आणि गंमत अशी की ती समुद्रकाठचीही नव्हे. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात १९५४ साली यंगटाउन नावाची वस्ती केवळ वयस्कांसाठी वसविली गेली. तिच्या शेजारीच डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ खुली केली. नमुन्याची पाच घरे, गोल्फचे मैदान, दुकाने आणि करमणुकीचे केंद्र एवढे तयार होते. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ती पाहून गेली. म्हातारपण म्हणजे ओसरीवरची खुर्ची, ही समजूत वेब यांनी मोडून काढली. त्यांनी लोकांना विकला तो भरगच्च दिनक्रम. घर त्याच्याबरोबर आले. पुढे फ्लोरिडासारख्या उबदार किनारी प्रदेशांत हेच पीक फोफावले. तेथे १९९५ च्या कायद्याप्रमाणे वस्तीतील निदान ८० टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरील एक तरी व्यक्ती राहत असेल, तरच वयाची अट घालता येते. आपल्याकडे असा कायदा नाही. ‘फक्त ज्येष्ठांसाठी’ हे शब्द करारपत्रात जितके पक्के लिहिले असतील तितकेच ते पक्के. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली निवृत्ती-निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती चांगली आहेत, पण राज्याने स्वीकारल्यावाचून त्यांना दात नाहीत.

भारतात या वसाहतींचे सर्वांत नावाजलेले ठाणे कोणते, तर कोइमतूर. समुद्रापासून दूर, घाटाच्या कुशीत, बेताच्या पावसाचे आणि मोठमोठ्या इस्पितळांचे शहर. निवृत्तांची गर्दी तेथे का झाली, याचा विचार गोव्याची चित्रे पाहणाऱ्याने अवश्य करावा.

आता हवेविषयी. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या रात्री पाचाच्या आसपास उतरतो. गोव्यात वर्षभर तो साधारण २० ते ३५ अंशांत फिरतो. हाडे दुखणाऱ्या माणसाला हे आकडे स्वर्गीय वाटतात. परंतु इंदूरला वर्षाकाठी पाऊस सुमारे ९५० मिलिमीटर, तर गोव्यात सुमारे ३,०००, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ऊन असो वा पाऊस, हवेतील बाष्प हटत नाही. हवेत बाष्प दाटले की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. म्हणून माळव्यातील कोरड्या ३८ अंशांत जो मनुष्य सावलीत बसून सुखाने पत्ते खेळतो, तोच किनाऱ्यावरच्या ३३ अंशांत दुपारी कासावीस होतो. वयोमानाप्रमाणे तहान लागण्याची जाणीवही मंदावते. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी आणि सोडियम कमी होऊन गुंगी येते, तोल जातो, क्वचित बोलणे असंबद्ध होते; घरचे समजतात की म्हातारपण आले. स्थलांतरापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांना औषधांची यादी दाखवून ‘दमट हवेत राहावयास जात आहे’ असे स्पष्ट सांगावे. ही पाच मिनिटांची भेट पुष्कळ काही वाचवते.

दमट हवेचे दुसरे काम घरात चालते. कपाटातील शालू, पोथ्या, लग्नातली छायाचित्रे यांना बुरशी धरते. भिंतींना ओल येते आणि दमेकऱ्याची छाती रात्री वाजू लागते. खाऱ्या वाऱ्याने कड्या-कोयंडे, खिडक्यांचे गज, वातानुकूलन यंत्राची बाहेरची बाजू गंजते. पण या सगळ्यांपेक्षा भय बाळगावे ते शेवाळाचे. जांभ्या दगडाच्या पायवाटा चित्रात फार देखण्या दिसतात. जुलैत त्यांवर हिरवा बुळबुळीत थर चढतो. सत्तरीनंतर पाय घसरणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे, शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा पूर्वीसारखे चालणे नाही. तेव्हा वसाहत पाहावयास जाल तेव्हा पोहण्याचा तलाव कसाही असो, घरापासून भोजनगृहापर्यंतची वाट छपराची आहे काय, तिला दोन्ही बाजूंनी कठडा आहे काय, फरशीवर पाणी ओतले असता चप्पल सरकते काय, हे स्वतः पाहावे. न्हाणीघराचे दार आत उघडत असेल तर आत पडलेल्या माणसाच्या अंगाने ते अडते. बाहेर उघडणारे किंवा सरकते दार हवे. लिफ्टमध्ये रुग्णाची आडवी खाट मावते काय? आणि वीज गेली म्हणजे जनित्रावर केवळ व्हरांड्यातले दिवे लागतात, की लिफ्ट आणि घरातील एक पंखाही चालतो? पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात, वीज जाते. हा अपवाद नव्हे, ऋतुमान आहे.

करमणुकीच्या साधनांविषयी फारसे लिहीत नाही. व्यायामशाळा, ग्रंथालय, पत्त्यांची खोली बहुतेक ठिकाणी असते आणि बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

इस्पितळाचे अंतर मात्र किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावे. आणि तेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या संध्याकाळी. गोव्याचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे पणजीजवळ बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय. त्याची परंपरा १८४२ साली पोर्तुगिजांनी काढलेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. उत्तरेस म्हापशाला आणि दक्षिणेस मडगावला जिल्हा रुग्णालये आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ पासून चालते. पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके अधिक उपयोगी. या साडेचार तासांत नवऱ्याचे तोंड वाकडे झाल्याचे बायकोच्या ध्यानी येणे, वाहन मिळणे, घाटवळणे आणि पर्यटकांच्या गाड्या पार करणे, मेंदूचे छायाचित्र काढणे एवढे सारे बसवावयाचे असते. काणकोणच्या रम्य किनाऱ्यापासून मडगाव सुमारे ३५ किलोमीटर आणि बांबोळी त्याच्याही पुढे. तरुणपणी हा प्रवास म्हणजे सहल असते.

माझे मत विचाराल तर किनाऱ्याला लागून घर घेऊच नये. कळंगुट-बागा पट्ट्यात नाताळच्या सुमारास जो गोंगाट चालतो त्यात म्हाताऱ्या माणसाने झोपावे तरी कसे? शिवाय भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर १९९१ पासून किनारा-नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. ते नियम २०११ व २०१९ मध्ये बदलले, आणि त्यांच्या कचाट्यात सापडलेले बांधकाम विकत घेणे म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या विकत घेणे. पणजी, फोंडा, मडगाव यांच्या मधल्या टापूत, समुद्रापासून आठ-दहा किलोमीटर आत राहिले म्हणजे देऊळ जवळ, इस्पितळ जवळ, आणि समुद्र पाहावासा वाटला तर रिक्षाने संध्याकाळी जाऊन यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट करारपत्राची, आणि तीच वाचावयाचा कंटाळा सर्वांना असतो. निवृत्तांच्या वसाहतीत घर तीन प्रकारांनी मिळते. एक, सरळ खरेदी. दुसरा, मोठी ठेव देऊन हयातीपुरता भाडेपट्टा. ठेव पुढे पुरी किंवा कापून परत. तिसरा, निव्वळ मासिक भाडे. तिन्हींत जेवण, सफाई, परिचारिका, सुरक्षा यांचे सेवाशुल्क दरमहा निराळे. खरेदी केली असता घर आपले. पण स्वयंपाकघर, दवाखान्याची खोली, भोजनगृह कोणाच्या मालकीचे? इमारत बांधणारा एक आणि सेवा देणारी कंपनी दुसरी असते. कंपनी काम सोडून गेली तर आपल्याजवळ उरतो तो गोव्यातील एक साधा फ्लॅट, शेजारी ऐंशीच्या पुढची माणसे. म्हणूनच २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बांधणारा, सेवा देणारा आणि घर घेणारा यांच्यातील त्रिपक्षीय कराराचा आग्रह धरला आहे. दुसऱ्या प्रकारात ठेवीची रक्कम परत करण्याची ताकद चालकापाशी दहा वर्षांनी राहील काय, हा खरा प्रश्न. ‘नवा रहिवासी मिळाल्यानंतर परत’ असे कलम असेल तर मुदत घालून घ्यावी. नाहीतर वारसांनी वाट पाहावी आणि रिकाम्या घराचे सेवाशुल्कही भरावे, असे होऊ शकते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण सारे ‘रेरा’ म्हणतो, खरेदीदाराला बरेच संरक्षण दिले. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक घरांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची. खरेदीदारांच्या पैशातील ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास बांधणाऱ्याने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा. हे सर्व भिंतींचे संरक्षण झाले. रात्री दोन वाजता घंटी वाजविल्यावर कोण धावत येईल, याचे संरक्षण रेरा करीत नाही. ते करारपत्रात शब्दाने लिहून घ्यावे लागते. किती रहिवाशांमागे किती परिचारिका, रात्रपाळीला कोण, शुल्क दरवर्षी कोणत्या हिशोबाने वाढणार, आणि त्या वाढीला रहिवाशांच्या समितीची संमती लागते की नाही, हे विचारताना संकोच नको.

जमिनीविषयी गोव्यात दोन शब्द परप्रांतीयाने शिकून घ्यावेत. ‘सनद’ म्हणजे शेतजमीन बिगरशेती केल्याचा परवाना. आणि ‘मुंडकार’ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहिलेला मनुष्य, ज्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे. शिवाय कोमुनिदादीच्या, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थांच्या, जमिनी आहेत. आणि भातशेतीच्या हस्तांतरणावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले आहेत. पोर्तुगीज अमदानीतील नागरी कायदा गोव्यात अजून चालतो. बाहेरून आलेल्या जोडप्याला तो कोठवर लागू पडतो, हे मृत्युपत्र करण्यापूर्वी मडगाव-पणजीच्या स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावे. इंदूरच्या वकिलाला हे ठाऊक नसण्याचाच संभव अधिक.

आता ‘सक्रिय’ या शब्दाकडे वळू. समजा, सासष्ट वर्षांचे पती आणि बासष्टीची पत्नी आज तेथे गेली. दोघेही पहाटे फिरावयास जातात, भजनाला बसतात. बारा वर्षांनी पतीला विस्मरणाचा विकार जडला. ते गॅस चालू ठेवतात, रात्री दार उघडून निघून जातात. काही करारांत रहिवासी ‘स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारा’ असावा अशी अट असते. ती संपली असे कोण ठरवणार? चालकाचा डॉक्टर की आपला? ठरल्यानंतर त्याच आवारात शुश्रूषेचा वेगळा विभाग आहे, की तीस दिवसांत घर सोडा अशी सूचना? तसा विभाग असेल तर पत्नीला त्याच आवारात आपल्या जुन्या घरात राहता येईल काय, आणि मग शुल्क एक लागेल की दोन? मला वाटते, वसाहतीच्या चालकाला प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच. ज्याच्यापाशी याचे लेखी उत्तर आहे त्याच्याशी बाकीचे बोलणे करावे. हसून ‘आपण अजून तरुण आहात, काका’ म्हणणाऱ्याकडचा चहा घेऊन उठावे.

याच कारणासाठी सर्व कागदांवर पत्नीचे नाव बरोबरीने हवे. आपल्या घरांतून अजूनही व्यवहार पुरुष करतात आणि पुष्कळदा मागे बाई राहते. पेन्शनसाठी जुन्या गावच्या बँकेत खेपा घालावयाची गरज आता नाही. २०१४ पासून हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने कोठूनही देता येतो. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून झाली आहे; मात्र इस्पितळ त्या यादीतले असावे लागते. गोवा सरकारची २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना निराळी आहे. तिला गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून तिचा भरवसा धरू नये.

जुन्या घराचे काय करावयाचे, यावरून घराघरांत जे कलह माजतात त्यांविषयी थोडे. ते मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देऊन निघून जाणे हा भाबडेपणा होय. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात असे हस्तांतरण रद्द करून घेण्याची वाट आहे. पण सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असली म्हणजे ती वाट सुकर होते. विकून आलेल्या पैशातून दुसरे घर घेतले तर भांडवली नफ्यावरील करात सवलत मिळू शकते. ठेव देऊन भाडेपट्टा घेणे ही खरेदी नव्हे, तेव्हा त्या बाबतीत हिशोबनिसाचा सल्ला आधी घ्यावा, पैसे नंतर द्यावेत. पण मुळात पहिल्या वर्षी घर विकूच नये. अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने द्यावे, एक खोली कुलूप लावून ठेवावी. चाळीस वर्षांच्या संसारातली शेजारीण, वाण्याची उधारी, ज्या डॉक्टरांना तुमची प्रकृती न सांगता कळते ते डॉक्टर, या गोष्टी विकल्या की परत विकत मिळत नाहीत.

मग ते वर्ष कसे घालवावे? पुष्कळ वसाहतींतून काही दिवस भाड्याने राहून पाहण्याची सोय असते. चालक हसतमुखाने डिसेंबर-जानेवारीच्या तारखा सुचवितात. त्या नाकाराव्यात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जावे. ग्वाल्हेरहून निघणाऱ्यास गोवा एक्सप्रेस सोयीची. तीच गाडी बेळगावावरून पुढे जाते, म्हणून वाटेत आप्तांकडे दोन दिवस मुक्कामही होतो. बडोद्याकडच्यांस कोकण रेल्वेने थेट मडगाव. वसाहतीत जागा न मिळाल्यास फोंड्याकडील देवस्थानांच्या अग्रशाळांतून भाविकांसाठी खोल्या असतात; तेथे उतरून दिवसा वसाहतीत जाऊन बसावे. पतिपत्नी दोघांनीही जावे, आणि तेथील बायकांशी पत्नीने एकटीने बोलावे. शुल्क, जेवण आणि चालकाचा स्वभाव यांविषयी खरी माहिती तिला अर्ध्या तासात मिळेल, जी नवऱ्याला आठवड्यात मिळणार नाही. भोजनगृहात कोणती भाषा चालते, तेही ऐकावे. इंग्रजीत चाललेल्या गप्पांत रोज तिन्ही त्रिकाळ गप्प बसून जेवणे हा एकांतवासच आहे.

मुक्काम भाद्रपदापर्यंत लांबवता आला तर उत्तम. गोव्यात चवथ हा वर्षातला सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत स्थानिक नोकरमाणूस आपल्या मूळ गावी, मूळ घरी जातो आणि जाणारच. वसाहतीचा स्वयंपाकी, झाडूवाली, परिचारिका, पहारेकरी सगळेच त्यांत आले. त्या चार-पाच दिवसांत गरम जेवण वेळेवर आले काय, रात्री घंटी वाजविली असता कोणी आले काय, आणि आले ते कोण, हे टिपून ठेवावे. मग करारपत्र मागवावे.